रविवारी मुलांसमोर उभं राहण्याआधी

शनिवारी रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. भांडी आवरून झालेली असतात, सकाळच्या उपासनेचे कपडे इस्त्री करून ठेवलेले असतात, आणि आता कुठे पाठाचं पुस्तक उघडून उद्या मुलांना काय सांगायचं ते बघायला सवड मिळते. सोलापुरात संडेस्कूल म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग घेणारे, महिला मंडळात बायबलमधलं वचन सांगणारे, घरगुती प्रार्थनासभा चालवणारे कितीतरी जण आठवड्याचा शेवट असाच करतात. मीही कित्येक वर्षं असंच करत होते.

एका रविवारी मी येशूनं वादळ शांत केल्याचा पाठ घेतला. वादळात तो होडीत झोपलेला असतो, घाबरलेले शिष्य त्याला उठवतात, ती गोष्ट. पुठ्ठ्याची होडी केली होती, फळ्यावर लाटा काढल्या होत्या, सुवर्णवचन सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. शेवटी चौथीतला एक मुलगा उठला. त्याच महिन्यात त्याच्या वडिलांचं मागावरचं काम सुटलं होतं. त्यानं विचारलं, “बाई, तुमच्या घरी वादळ आलं तेव्हा तुम्ही येशूला कसं उठवलं?” मी पाठाच्या पुस्तकातलं शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. तो “हो बाई” म्हणून खाली बसला.

त्या मुलाला उत्तर द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं असं नाही. आमच्याही घरी वादळं आली होती. पण त्या उताऱ्यापाशी मी स्वतःसाठी एकदाही बसले नव्हते. माझं जगणं आणि ते वचन यांची गाठच मी घालून दिली नव्हती. त्या आठवड्यापासून मी जी पद्धत धरली, ती मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, नव्या शिक्षकांना सांगत आले आहे. आज ती सविस्तर लिहिते.

आधी फरक ओळखा

पाठाची तयारी वेगळी आणि प्रभूपुढे बसणं वेगळं. तयारी करताना डोळ्यांसमोर मुलं असतात: कुठली गोष्ट सांगू, कुठलं चित्र दाखवू, कुठलं गीत घेऊ. एकांतात बसताना समोर फक्त प्रभू आणि त्याचं वचन असतं, आणि विद्यार्थी आपणच असतो. दोन्ही लागतात, पण दोन्ही एकाच बैठकीत करायला गेलं की दरवेळी तयारीच जिंकते, कारण तिला रविवारची तारीख असते.

बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात सातव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात एज्राबद्दल जे सांगितलंय त्यातला क्रम बघा. त्यानं आधी देवाच्या नियमशास्त्राचा अभ्यास करण्याकडे चित्त लावलं, मग ते पाळण्याकडे आणि त्यानंतर इस्राएलाला शिकवण्याकडे. शिकवणं तिसरं आहे. आपण बहुतेक जण पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो.

माझी आई घरी मागाच्या धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायची. रहाटावर सूत गुंडाळताना तिचं बोट सतत धाग्याला लागून असे, ताण जरा कमी झाला की तिला न बघता कळायचं. ती म्हणायची, कांडी सैल भरली तर विणकर कितीही कसबी असो, धोट्यातून धागा भसकन सुटतो नाहीतर अडकून तुटतो. आणि कांडी रिकामी असली तरी धोटा इकडून तिकडे फेकता येतो, आवाजही तसाच येतो, फक्त कापड वाढत नाही. संडेस्कूलमध्ये माझी कित्येक वर्षं त्या आवाजात गेली. म्हणून आता सोमवार ते गुरुवार कांडी भरायची, शुक्रवार-शनिवारी पाठ विणायला घ्यायचा.

वेळ ठरवताना

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, पस्तिसाव्या वचनात, येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांत जागी जाऊन प्रार्थना करतो. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं, कितीतरी आजारी बरे झाले होते, आणि दुसऱ्या दिवशी गावोगाव जाऊन उपदेश करायचा होता. त्या दोन कामांच्या मध्ये ही पहाट आहे. त्याचा शिष्य शिमोन त्याला शोधत येतो आणि म्हणतो, सगळे तुला शोधत आहेत. ही घाई आपल्यालाही ओळखीची आहे.

पहाट सोलापूरला मानवते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन डोक्यावर आलं की डोकं काम करत नाही, पण पाच-साडेपाचला गच्चीवर गार वारा असतो. तरी पहाटेचा हट्ट सगळ्यांनी धरू नये. रातपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसानं पहाटे डुलक्या घेत वचन वाचण्यापेक्षा, झोप झाल्यावर दुपारी तीनला बसावं. विड्या वळणाऱ्या एका ताईंनी आपली वेळ सूपच मांडीवर असतानाची ठरवलीय. सकाळी एकदा वचन मोठ्यानं वाचायचं, मग हात पानं कापत असताना तेच घोळवत राहायचं, आणि विड्या देऊन आल्यावर दहा मिनिटं वही. तिची वही माझ्या वहीपेक्षा भरलेली असते.

सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरे. पहिल्याच दिवशी तासाचा संकल्प केला तर तो दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मन खट्टू होतं. पंधरा मिनिटं सहा आठवडे टिकली की ती आपोआप पंचवीस होतात. घरातल्यांना वेळ सांगून ठेवा. “सव्वापाच ते साडेपाच मला हाक मारू नका” एवढं मोकळेपणानं म्हटलं की घर सांभाळून घेतं, लहान मुलंसुद्धा.

नळाला पाणी येण्याचा दिवस मात्र वेगळा धरा. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं, तेही कधी पहाटेच. त्या दिवशी घागरी आणि बॅरल सोडून बसता येणार नाही, आणि बसलंच तर कान नळाकडेच राहतात. पाण्याच्या दिवशी बैठक रात्री ठेवायची हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे चुकल्याची रुखरुख लागत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, गणपती, लग्नसराई यांचंही तसंच. शहर जागं असताना शांतता शोधत चिडण्यापेक्षा वेळ हलवलेली बरी.

जागा आणि सामान

वेगळी खोली कुणाकडे असते? एक खुर्ची पुरते. पायरी, गच्चीचा कोपरा, स्वयंपाकघरातला पाट, काहीही चालेल, फक्त रोज तीच जागा ठेवा. त्या जागी बसलं की मन हळूहळू आपोआप वळतं.

जवळ छापील पवित्र शास्त्र, एक दोनशे पानी वही, पेन आणि चिठ्ठ्यांसाठी दोन-चार फाडलेले कागद ठेवा. फोन नको. गजरासाठी फोनच लागत असेल तर साधं गजराचं घड्याळ घ्या. फोनवरचं बायबल प्रवासात फार उपयोगी आहे, पण वचन वाचता वाचता वर आलेला एक मेसेज पुरतो, अर्धी बैठक तिथेच जाते.

मराठीतली दोन भाषांतरं जवळ असली तर उत्तम. बहुतेक मंडळ्यांत बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र वापरतात. त्याच्या जोडीला पंडिता रमाबाईंचं भाषांतर किंवा सोप्या मराठीतलं एखादं ठेवा. रमाबाईंनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि केडगावच्या मुक्ती सदनात वर्षानुवर्षं बसून, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून, पूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, त्याआधी हे काम त्यांनी संपवत आणलं होतं. दुसऱ्याच्या हातात वचन देण्याआधी एक बाई किती काळ स्वतः त्याच्यापाशी बसली, हे ते पुस्तक उघडताना मला दरवेळी आठवतं.

अजून एक. आपल्या सोलापुरात पुष्कळांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि चर्चमध्ये मराठी. अशांनी एकांताचं वाचन आणि प्रार्थना घरच्या भाषेतच करावी. रडू ज्या भाषेत येतं त्या भाषेत प्रार्थना करावी, आणि शुक्रवारी पाठाकडे वळताना मराठी उतारा शेजारी घ्यावा.

काय वाचावं

येत्या रविवारचाच उतारा घ्यावा की वेगळा? काही जण म्हणतात वेगळाच घ्या, म्हणजे शिकवण्याचा विचार डोक्यात येणार नाही. मला ते पटतं, पण नोकरी-घर-मंडळी सांभाळणाऱ्याला दोन उतारे झेपत नाहीत. म्हणून माझं मत असं: उतारा रविवारचाच घ्या, पण गुरुवारपर्यंत पाठाचं पुस्तक उघडू नका. ते कपाटात ठेवा. आणि वहीला एक नियम लावा: सोमवार ते गुरुवार वहीत ‘मुलं’ हा शब्द येता कामा नये. फक्त ‘मी’ आणि ‘प्रभू’. शिकवण्यासाठी काही छान सुचलं, आणि सुचतंच, तर वहीच्या शेवटच्या पानावर एका ओळीत टिपून लगेच परत यायचं. हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो. पण पहिल्या आठवड्यात माझं शेवटचं पान भरून गेलं आणि पहिली पानं कोरी राहिली, तेव्हा मला कळलं की माझं वाचन कुठे चाललं होतं.

आता एक उतारा धरून आठवडा कसा जातो ते दाखवते. मार्क, अध्याय ६, वचनं ३० ते ४६. पाच भाकरी आणि दोन मासे यांत येशूनं हजारोंना जेवू घातलं ती गोष्ट. आपल्याला पाठ आहे, म्हणूनच मुद्दाम घेते.

सोमवार: नुसतं ऐकणं

बसल्यावर पहिली तीन मिनिटं काही वाचू नका. डोळे मिटून श्वास संथ होऊ द्या. दूध, फी, साहेबांचा फोन, सगळं याच वेळी आठवणार. त्याच्याशी भांडू नका. कागदाच्या चिठ्ठीवर एक शब्द लिहा, ‘फी’, आणि चिठ्ठी उलटी ठेवा. मग एका वाक्यात मागा: प्रभू, बोल, तुझा दास ऐकत आहे. लहान शमुवेलाला एली याजकानं शिकवलेली ही प्रार्थना आहे. शमुवेल पुढे सगळ्या इस्राएलाचा संदेष्टा झाला, त्याची सुरुवात याच एका वाक्यानं झाली.

मग उतारा मोठ्यानं, संथ, तीनदा वाचा. मोठ्यानं म्हणजे स्वतःच्या कानांना ऐकू येईल इतकं. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटलंय. तिथला मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे. तोच शब्द यशयाच्या पुस्तकात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि पारव्याच्या घुमण्यासाठी आलाय. म्हणजे मनन हे डोळे मिटून गप्प विचार करण्याइतकंच नाही, ओठ हलवत वचन घोळवणंही आहे. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत तसं.

तिसऱ्या वाचनानंतर जो शब्द मनाला धरून बसला तो वहीत लिहा. का धरला याचं स्पष्टीकरण नको. या उताऱ्यात माझ्याजवळ एकदा “जेवायलाही सवड नव्हती” हे शब्द राहिले. शिष्य नुकतेच गावोगाव शिकवून परत आले होते, काय काय केलं आणि शिकवलं ते सांगत होते, आणि येशू त्यांना म्हणतो, एकांती चला, थोडा विसावा घ्या. शिकवून आलेल्यांना त्यानं पहिली गोष्ट हीच सांगितली. कितीतरी वेळा हा अध्याय शिकवला होता, पण हे वचन मी भाकरींकडे जायच्या घाईत ओलांडून गेले होते.

वेळ उरला तर उताऱ्यातली चार-पाच वचनं हातानं उतरवून काढा. हात सावकाश चालतो, त्यामुळे डोळ्यांतून सुटलेलं हाताला सापडतं.

मंगळवार: उताऱ्यात काय आहे ते बघणं

आज भावना बाजूला ठेवून मजकूर तपासायचा. कोण, कुठे, कधी, आधी काय घडलं, नंतर काय घडलं. हे कोरडं काम वाटतं, पण इथे हयगय केली की उद्या आपण वचनाच्या तोंडी आपलेच शब्द घालतो.

शिष्य येशूला विचारतात, आम्ही जाऊन दोनशे दिनारांच्या भाकरी विकत आणाव्यात का? दोनशे दिनार म्हणजे किती? मत्तयाच्या विसाव्या अध्यायात मळ्यातल्या मजुरांना दिवसाचा एक दिनार मिळतो, म्हणजे दोनशे दिवसांची मजुरी. आता शिष्यांचा दचकलेला चेहरा डोळ्यांसमोर येतो. हिरव्या गवतावर बसवलं असं मार्क लिहितो, आणि योहान आपल्या शुभवर्तमानात सांगतो की यहुद्यांचा वल्हांडण सण जवळ आला होता. म्हणजे तिकडच्या वसंतातले दिवस, गवत हिरवं असण्याचे. भाकरी जवाच्या होत्या हेही योहानच सांगतो. जव तिथल्या गरिबाचं धान्य. आपल्याकडे सण पोळीचा आणि रोजचं पोट ज्वारीच्या भाकरीवर, तशातलं. पन्नास-पन्नास आणि शंभर-शंभरांच्या पंक्ती होत्या, पुरुषच पाच हजार होते, उरलेल्या टोपल्या बारा होत्या.

आणि एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. येशूनं भाकरी घेतल्या, वर पाहून आशीर्वाद दिला, मोडल्या आणि शिष्यांना दिल्या. इथलं ग्रीक क्रियापद ‘एकदा देऊन टाकल्या’ अशा अर्थाचं नाही, ‘देत राहिला’ अशा अर्थाचं आहे. शिष्य एकदाच ढीग घेऊन गेले नाहीत. एक पंगत वाढायची, रिकाम्या हातानं परत यायचं, पुन्हा त्याच्या हातून घ्यायचं आणि पुढच्या पंगतीकडे जायचं. किती फेऱ्या झाल्या असतील! मी पंगतीत वाढपी म्हणून पुष्कळदा उभी राहिलेय. भातवाढ्याला सतत मागे कढईकडे जावं लागतं. जो जात नाही तो पंगतीत रिकामं ताट घेऊन उभा राहतो.

प्रश्न पडले आणि उत्तर सापडलं नाही, तर वहीच्या समासात प्रश्नचिन्ह काढा. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

बुधवार: या उताऱ्यात मी कुठे आहे

आठवड्यातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची बैठक ही. उतारा पुन्हा वाचा आणि स्वतःला त्यात उभं करा. मी दमलेल्या शिष्यांत आहे? ‘यांना घरी पाठवा, उशीर झालाय’ म्हणणाऱ्यांत आहे? गवतावर भुकेला बसलेल्यांत आहे? की पाच भाकरी जवळ असूनही पुढे न केलेल्यांत?

खरं लिहा. वही कुणी वाचणार नाही. एका बुधवारी मी लिहिलं होतं, “मला वाढायला आवडतं, पण तुझ्याकडे परत यायला लाज वाटते, कारण रिकामे हात दाखवावे लागतात.” ते वाक्य लिहून मी बराच वेळ तशीच बसले. त्या दिवशी प्रार्थना वेगळी करावी लागली नाही, ते लिहिणंच प्रार्थना झालं.

ज्यांना लिहायला जड जातं त्यांनी तेच प्रभूला मोठ्यानं सांगावं. नंतर दोन-तीन मिनिटं काहीही न बोलता बसा. या शांततेत काहीतरी ऐकू यायलाच हवं असा आग्रह नको. दोन माणसं उंबऱ्यावर न बोलता बसतात, तसं बसा.

गुरुवार: पाळणं

एज्राच्या क्रमातली मधली पायरी. आठवड्याच्या वचनातून आज करता येईल अशी एकच गोष्ट ठरवा, दिवस मावळायच्या आत करता येईल इतकी लहान. ‘मी जास्त प्रेम करीन’ असं लिहू नका. ‘शेजारच्या आजींना आज भाकरी नेऊन देईन आणि दहा मिनिटं बसेन’ असं लिहा. रात्री त्यासमोर झालं की नाही एवढं टिपा. झालं नाही तर शुक्रवारी करा.

शुक्रवार आणि शनिवार: आता पाठ

आता कपाटातलं पाठाचं पुस्तक काढा, वहीचं शेवटचं पान उघडा. तुम्हाला दिसेल की पाठ अर्धा उभा राहिलेला आहे. एकच मुद्दा निवडा. चार दिवसांत दहा गोष्टी सापडल्या म्हणून दहाही मुलांच्या अंगावर टाकू नका. माझा त्या वेळचा मुद्दा एवढाच होता: येशू देत राहतो, म्हणून आपण पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जायचं. बाकी नऊ माझ्यासाठी होते.

तुमच्या वहीतलं किती सांगायचं हेही इथेच ठरवा. बुधवारचं सगळं मुलांसमोर मांडायचं नसतं. जे घाव अजून ओले आहेत ते प्रभूजवळच राहू द्या. पण एखादी खरी, लहान, आपल्या घरातली गोष्ट सांगा. मुलांना शिकवलेलं आणि जगलेलं यातला फरक लगेच कळतो.

शुक्रवारी हजेरीपट घेऊन बसा आणि एकेका नावापुढे थांबून प्रार्थना करा. कुणाची आई दवाखान्यात आहे, कोण दोन रविवार आला नाही, कुणाचे वडील घरी पिऊन येतात. वीस नावांना दहा मिनिटं लागतात. यानंतर पाठाची भाषाच बदलते, कारण आपण ‘मुलांना’ सांगत नाही, त्या वीस जणांना सांगतो.

शनिवारी पाठ एकदा मोठ्यानं बोलून बघा, घरातल्या कुणालाही ऐकवा, आणि नऊच्या आत वही मिटा.

समासातली प्रश्नचिन्हं

एकांतात सापडलेली प्रत्येक गोष्ट खरीच असते असं धरून चालू नका. याकोबाच्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला, तुमच्यातल्या पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपल्याला अधिक कडक न्याय मिळेल, असं बजावलेलं आहे. हे वचन मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात अठराव्या अध्यायात अपुल्लो भेटतो. बोलका, शास्त्रात तरबेज, आवेशानं शिकवणारा. पण त्याला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बाप्तिस्म्यापुरतंच ठाऊक होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या नवराबायकोनं त्याला सभास्थानात ऐकलं आणि सगळ्यांसमोर न खोडता, आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक बारकाईनं समजावून दिला. हे दोघं तंबू बनवणारे कारागीर होते. आपल्या सोलापुरात, जिथे कापडानं कित्येक घरं जगवली, तिथे या दोघांची आठवण जास्तच जवळची वाटावी.

तुमचा प्रिस्किल्ला-अक्विल्ला शोधा. पाळकसाहेब असतील, मंडळीतल्या जुन्याजाणत्या बाई असतील, एखादे निवृत्त शिक्षक असतील. महिन्यातून एकदा उपासनेनंतर अर्धा तास मागून घ्या आणि समासातली प्रश्नचिन्हं घेऊन बसा. फोनवर फिरत येणारे वचनांचे अर्थ या कसोटीला लावल्याशिवाय वर्गात नेऊ नका. आणि मुलांसमोर “प्रभूनं मला सांगितलं” हे शब्द अगदी जपून वापरा. “वाचताना मला असं उमगलं” म्हटलं तर मूल विचारू शकतं, “पण बाई, तसंच कशावरून?” आणि त्याला विचारता आलं पाहिजे.

बैठक मोडली, मन कोरडं पडलं, तर

त्याच उताऱ्यात बघा. शिष्य विसाव्याला निघाले, आणि लोक किनाऱ्यावरून धावत जाऊन त्यांच्या आधी पोचले. ठरवलेला एकांत मोडला. येशू चिडला नाही, त्याला लोकांचा कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला. पण गोष्ट तिथे संपत नाही. संध्याकाळी शिष्यांना होडीत बसवून, लोकांना निरोप देऊन, तो प्रार्थना करायला डोंगरावर गेला. मोडलेला एकांत त्यानं त्याच रात्री भरून काढला. पोर तापानं फणफणलं, पाहुणे आले, तर बैठक मोडू द्या. फक्त रात्री निजण्याआधी पाच मिनिटं त्याच वचनाशी परत या. सलग दोन दिवस चुकू देऊ नका, एवढं पाळलं तरी सवय टिकते.

कोरडे दिवस वेगळे. सगळं नीट जुळून येतं, आणि तरी वचन नुसती अक्षरं वाटतात. असे आठवडे सगळ्यांना येतात, आणि त्या दिवसांत खोटं लिहू नये. तारीख घालून “आज काही सापडलं नाही, पण बसले होते” एवढं लिहा. मग स्तोत्रांकडे जा. ११९ व्या स्तोत्राचे बावीस भाग आहेत, प्रत्येकात आठ वचनं. रोज एक भाग मोठ्यानं वाचला तर बावीस दिवस कुणाच्यातरी शब्दांवर टेकून काढता येतात. गाऊन बघा. कवी ना. वा. टिळकांची गीतं आपल्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात. त्या टिळकांच्या हातात आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशानं नवा करार दिला होता. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले, वाचत राहिले, झगडत राहिले, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ओळी गाताना मला त्या वाचत बसलेल्या दिवसांचा आधार वाटतो.

तीन-चार महिन्यांतून एकदा अर्धा दिवस काढा. चटणी-भाकरी बांधून घ्या, आठवड्याच्या मधल्या दिवशी चर्चची किल्ली मागून घ्या आणि रिकाम्या बाकावर बसून मार्कचं शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून सोळाव्यापर्यंत एका बैठकीत वाचा. दीड-दोन तास लागतात. तुकड्यातुकड्यानं शिकवलेला येशू सलग भेटतो.

रविवार

वर्गाच्या अर्धा तास आधी पोचा. चटया घाला, फळा पुसा आणि मुलं यायच्या आधी पाच मिनिटं त्यांच्याच चटईवर, त्यांच्या जागी बसा. वही घरी ठेवून या. हातात फक्त पवित्र शास्त्र आणि एका कागदावर एक मुद्दा पुरे. प्रार्थना एवढीच करा की आठवडाभर जे तुझ्या हातून मिळालं ते मला नीट वाढता येऊ दे.

वर्ग झाल्यावर, दुपारचं जेवण आटोपलं की वहीचं नवं पान उघडा. मुलांपैकी कुणी काय विचारलं, ते त्याच्याच शब्दांत सगळ्यात वर लिहा. उत्तर दिलं असेल तरी लिहा, देता आलं नसेल तर नक्कीच लिहा. त्या चौथीतल्या मुलाचा प्रश्न मी असाच एका पानावर लिहिला होता: “तुमच्या घरी वादळ आलं तेव्हा तुम्ही येशूला कसं उठवलं?” सोमवारी पहाटे मार्कचा चौथा अध्याय उघडून मी आधी तो प्रश्न वाचला आणि मग उतारा. तीन आठवड्यांनी, वर्ग सुटल्यावर, चटया गुंडाळता गुंडाळता मी त्याला उत्तर सांगितलं. तो चटईचं दुसरं टोक धरून ऐकत होता.